पहिलाच इंटरव्ह्यू, ऑफिस ॲडमिनसाठी, अनुभव शून्य. काय तयारी करू?

कळव्याची अनु
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी टीवायबीकॉम, शेवटच्या सेमची परीक्षा झालीये, रिझल्ट यायचाय. अंधेरीला चकाल्याच्या एका कंपनीत ऑफिस ॲडमिन असिस्टंटसाठी अर्ज टाकला होता, कार्गोचं काहीतरी काम करतात, पन्नास-साठ माणसांचं ऑफिस आहे असं कळलं. आज दुपारी तिथून फोन आला, पुढच्या मंगळवारी अकराला या म्हणून. मी तेव्हा मार्केटमध्ये, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, खांदा आणि कानामध्ये फोन, नुसतं हो सर हो सर करत राहिले आणि ठेवल्यावर लक्षात आलं की कोणाला भेटायचं ते नाव नीट ऐकलंच नाही, पत्ता पण अर्धाच कळलाय.

अनुभव काही नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश समजतं, लिहिता येतं, पण बोलायला गेलं की घशाला कोरड. एमएस-सीआयटी झालंय पण दहावीच्या सुट्टीत, त्यातलं आता एवढंच आठवतंय की सर्टिफिकेट कुठल्या फायलीत आहे. एसवायला एका विषयात केटी लागली होती, ती सुटली, पण विचारलं तर काय सांगू? गूगल केलं तर सगळीकडे तेच तेच, कॉन्फिडंट रहा, स्माईल करा. आई म्हणते गणपतीला नारळ ठेव. कोणी ॲडमिनमध्ये असेल तर प्लीज सांगा, आत नक्की काय विचारतात?

विंडोसीट
सोमवार, रात्री १०:५२

अभिनंदन. जाहिरातीत काम काय काय लिहिलंय ते टाक ना इथे, त्याशिवाय कोण काय सांगणार.

कळव्याची अनु
सोमवार, रात्री ११:०५

फ्रंट डेस्क आणि कॉल्स, व्हेंडर कोऑर्डिनेशन, पेटी कॅश, कुरियर, स्टेशनरी, अटेंडन्स, हाउसकीपिंगवर लक्ष, एमएस ऑफिस. आणि शेवटी 'एनी अदर वर्क असाइन्ड'.

कटिंगवाला
सोमवार, रात्री ११:०९

शेवटचं जे आहे तोच खरा जॉब. वरचं सगळं डेकोरेशन.

स्टेपलर
सोमवार, रात्री ११:४८

अनु, मी अकरा वर्षं हेच करतेय, आधी लोअर परळला, आता बीकेसीत, आणि मधली तीन वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला पण बसलेय.

पहिलं काम उद्याच. ज्या नंबरवरून फोन आला तिथे साडेअकराच्या सुमारास लाव (नऊ-साडेनऊला नको, तेव्हा माणूस ट्रेनमधून उतरून नुकता माणसात येत असतो) आणि सरळ सांग, काल रस्त्यात होते, आवाज नीट येत नव्हता, पत्ता आणि नाव कन्फर्म करायचंय. मेल आयडी मागून घे आणि त्यावर चार ओळी टाक, तारीख, वेळ, पत्ता, कोणाला भेटायचं. लाजू नको. फोनवर ऐकलेलं लेखी करून घेणं हेच तर तुला पुढे रोज करायचंय.

दुसरं, अनुभव शून्य हे मला मान्य नाही. कॉलेजात, घरी, बिल्डिंगमध्ये काय काय केलंयस ते लिही इथे. फेस्ट, एनएसएस, मामाच्या लग्नाचा हिशोब, काहीही चालेल. बीकॉम झालेली मुलं येतात आणि 'हार्डवर्किंग, टीम प्लेयर' बोलून जातात, संध्याकाळी एकाचाही चेहरा आठवत नाही. एक मुलगा मात्र अजून आठवतो, म्हणाला वडिलांचं किराणा दुकान आहे, उधारीची वही मी बघतो, कोण पगार झाला की देतं, कोणाला दोनदा आठवण करावी लागते, कोणाला चारचौघांत मागायचं नाही, सगळं सांगत बसला. त्याला आम्ही घेतला.

केटीचं म्हणशील तर एका वाक्यात उरकायचं. अमुक विषयात लागली होती, पुढच्या अटेम्प्टला सुटली. पेपर कठीण होता, ताप होता, सर शिकवायचे नाहीत, यातलं काही नको. विचारलं नाही तर आपणहून काढू नको, पण फॉर्मवर रकाना असला तर खोटं लिहू नको, मार्कशीटवर दिसतंच.

कटिंगवाला
मंगळवार, सकाळी ८:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ॲडमिन म्हणजे चहापाणी बघणे आणि एसीवाल्याला फोन लावणे. दहा वर्षांनी पण तेच. त्यापेक्षा एमपीएससीच्या क्लार्क-टायपिस्टला बस, सरकारी नोकरी, वेळेवर घरी.

जुना कारकून
मंगळवार, सकाळी ९:३०

कटिंगराव, त्या पदाला टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, मराठीच्या पदाला मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीच्या पदाला ४०. पोरीचा इंटरव्ह्यू पुढच्या मंगळवारी आहे, परीक्षा परिषदेची परीक्षा काय मंगळवारच्या आत होणार आहे का. आणि चहापाणी बघणे याला कमी समजू नका, साठ माणसांना चार वाजता चहा नाही मिळाला तर काय होतं ते मी पाहिलंय.

अनु बाळ, मी फोर्टात तेहतीस वर्षं काढली, आता रिटायर. ८२ ला गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी बारावीत. वडील गिरणीत, ते घरी बसले, म्हणून मी लालबागला टायपिंगच्या क्लासला जायला लागलो. ८४ ला पहिला इंटरव्ह्यू. मी आपला बोटं मोडत बसलेलो की आता टायपिंग घेतील, तर साहेबांनी टेबलावर एक पत्र्याची पेटी आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, जुळव. रोख आणि चिठ्ठ्या मिळून ५०० व्हायला हवे होते, माझे ४९४ च होईनात. तीनदा मोजले. म्हटलं साहेब, सहा कमी आहेत. म्हणाले, मग काय करशील? म्हटलं, लिहून ठेवीन. म्हणाले, लिही. आणि मला व्हाउचर, म्हणजे खर्चाची चिठ्ठी, कसं लिहितात तेच माहीत नव्हतं! नोकरी गेली. खाली उतरलो आणि पहिल्या स्टेशनरीच्या दुकानातून व्हाउचरचं पुस्तक विकत घेतलं, घरी बसून भरायला शिकलो. तू पण घे, फार महाग नसतं.

पेटी कॅश समजून जा, नक्की विचारतील. समजा किरकोळ खर्चासाठी तुला १०००० दिले. आठवड्यात ७३४० खर्च झाले तर पेटीत २६६० आणि ७३४० ची व्हाउचरं. दोन्हीची बेरीज कधीही केली तरी १०००० च यायला हवी. मग व्हाउचरं अकाउंट्सला द्यायची, ते तुला तेवढेच ७३४० परत देतात, पेटी पुन्हा भरली. व्हाउचरवर तारीख, कशासाठी, कोणाला, अक्षरी रक्कम, घेणाऱ्याची सही, आणि ज्याने मंजूर केलं त्याची सही. रोख ५००० च्या वर कोणाला दिलेस तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप. आणि एका माणसाला एका दिवशी १०००० च्या वर रोख द्यायची वेळ आली तर आधी अकाउंट्सला विचार, इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत.

विंडोसीट
मंगळवार, सकाळी १०:०२

काका भारी. पण खरं सांगू का, पन्नास-साठ रुपये कमी आले तर मी तरी खिशातून टाकून मोकळा होईन, कोण कटकट करणार.

स्टेपलर
मंगळवार, सकाळी १०:२०

आणि पुढच्या आठवड्यात साठ जास्त आले तर खिशात घालशील का? नाही ना? मग टाकायचे पण नाहीत. हा प्रश्न इंटरव्ह्यूला हमखास येतो आणि 'मी भरीन' म्हणणारे प्रामाणिक असूनसुद्धा तिथेच आपटतात. आधी परत मोजायचं, मग बघायचं की कोणी रिक्षाने गेलं आणि व्हाउचर द्यायचं राहिलं का, नाहीच सापडलं तर त्याच दिवशी 'कमी' अशी नोंद करून वरच्याला सांगायचं.

विंडोसीट
मंगळवार, सकाळी १०:२४

हो बाई, पटलं.

पिवटप्रेमी
मंगळवार, दुपारी १:३५

एक्सेलचं कोणी बोललं नाही अजून, लंच टाइममध्ये लिहितोय म्हणून घाईत. लोक व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधून त्याची माहिती आणणारा फॉर्म्युला) पाठ करून जातात आणि साध्या बेरजेला अडकतात. टेस्ट देताना बरेचदा मुद्दाम घाण डेटा देतात. एक उदाहरण देतो, घरी करून बघच. एका कॉलममध्ये दहा आकडे लिही, पण प्रत्येकाच्या आधी एक सिंगल कोट टाक. आता खाली सम लाव. उत्तर शून्य. कारण एक्सेलच्या लेखी ते आकडे नाहीत, अक्षरं आहेत. ओळखायचं कसं तर आकडे सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेले दिसतात आणि कोपऱ्यात बारीक हिरवा त्रिकोण असतो. सगळे सिलेक्ट कर, बाजूला पिवळं उद्गारचिन्ह येतं, त्यात कन्व्हर्ट टू नंबर. झालं. मशीनमधून अटेंडन्स काढली की हा रोग असतोच.

दुसरा रोग म्हणजे नावाच्या मागे नको असलेली स्पेस. डोळ्यांना दोन्ही नावं सेम दिसतात आणि व्हीलुकअप म्हणतो सापडत नाही. ट्रिम लावायचं. आणि व्हीलुकअपच्या शेवटी झीरो टाकायला विसरायचं नाही, नाहीतर तो जवळपासचं काहीतरी उचलून आणतो आणि आपल्याला कळतही नाही. तिसरं तारखा, ०५/०७ म्हणजे पाच जुलै की सात मे हे कंप्युटरच्या सेटिंगवर असतं, तेव्हा महिना अक्षरात दिसेल असा फॉरमॅट लावून घे. फिल्टर, सॉर्ट, फ्रीझ पेन, रिमूव्ह डुप्लिकेट, काउंटइफ, सोपी पिवट. एवढं हाताला बसलं की पहिल्या नोकरीला पुष्कळ. घरी लॅपटॉप आहे का?

कळव्याची अनु
मंगळवार, रात्री ९:५०

आधी आजची बातमी. फोन केला, नाव आणि पत्ता मिळाला, मेल पण टाकला आणि त्यांचं 'नोटेड, थँक्स' असं उत्तर आलं. दोन शब्दांचं उत्तर मी सात-आठ वेळा वाचलं असेन.

पिवटदादा, लॅपटॉप भावाचा आहे, तो रात्री दहानंतर देतो, आता तेच करायला बसतेय. ते शून्य खरंच आलं!!

स्टेपलरताई, तुम्ही विचारलंत म्हणून आठवून आठवून लिहितेय, हसू नका. आमची बिल्डिंग जुनी आहे, चोवीस बिऱ्हाडं, बाबा सेक्रेटरी आहेत पण त्यांना शिफ्ट असते म्हणून मेंटेनन्सच्या पावत्या तीन वर्षं मीच करते, टँकरवाल्याला आणि लिफ्टवाल्याला फोन पण मीच करते. लिफ्टवाला तर माझा आवाज ऐकला की आधीच सांगतो ताई माणूस निघालाय. शिवाय मंडळाच्या गणपतीची वर्गणी. गेल्या वर्षी सहा पावतीपुस्तकं माझ्याकडे होती. एक मुलगा चुकलेली पावती फाडून फेकून द्यायचा, मग नंबर जुळेनात, शेवटच्या दिवशी सगळे माझ्यावर ओरडले. तेव्हापासून मी नियम केला की चुकली तर फाडायची नाही, दोन्ही प्रती एकत्र स्टेपल करायच्या आणि वर 'रद्द' लिहायचं. याला अनुभव म्हणतात का?

स्टेपलर
मंगळवार, रात्री १०:१५

अगं बये! याला नाही तर कशाला म्हणतात?? हेच सांग, असंच सांग, फक्त मंडळाच्या भांडणात पाच मिनिटं घालवू नको.

जुना कारकून
मंगळवार, रात्री १०:३१

रद्द पावतीचं हे मला कामाला लागून दोन वर्षं झाल्यावर कळलं होतं. शाब्बास.

स्टेपलर
बुधवार, दुपारी ३:१०

आज जरा वेळ आहे, एक गंमत देते. तुझ्यासमोर एसी सर्व्हिसिंगचं बिल आलं. व्हेंडर ठाण्याचा, तुमचं ऑफिस अंधेरीला. रक्कम १२०००, आयजीएसटी १८ टक्के म्हणजे २१६०, एकूण १४१६०. बेरीज बरोबर आहे. पास करशील का?

कळव्याची अनु
बुधवार, दुपारी ३:४०

बेरीज बरोबर असेल तर... हो? थांबा थांबा. आयजीएसटी तर दोन वेगळ्या राज्यांतल्या व्यवहाराला, आणि ठाणे आणि अंधेरी दोन्ही महाराष्ट्रात. मग सीजीएसटी आणि एसजीएसटी ९-९ टक्के हवेत ना? १०८० आणि १०८०?

स्टेपलर
बुधवार, दुपारी ३:५२

बरोब्बर. एकूण तेवढंच येतं म्हणून सगळे फसतात. बिल हातात आलं की आधी खालचा आकडा बघायचाच नाही, वरून खाली यायचं. आपल्या कंपनीचं नाव बरोबर आहे का, आपला जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा पूर्ण आहे का, व्हेंडरच्या नंबरचे पहिले दोन आकडे २७ आहेत का (२७ म्हणजे महाराष्ट्र), बिल नंबर, तारीख, आपल्या पीओचा (परचेस ऑर्डरचा) नंबर. मग माल. चलनावर (मालासोबत येणाऱ्या डिलिव्हरीच्या कागदावर) किती आला आणि बिलात किती लावलाय. बेरीज सगळ्यात शेवटी.

पिवटप्रेमी
बुधवार, दुपारी ४:०५

जाता जाता, याला एक अपवाद. ऑफिस अंधेरीच्या सीप्झमध्ये असेल तर ते एसईझेड, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, तिथे ठाण्याचा व्हेंडर असला तरी व्यवहार आंतरराज्य धरतात, तेव्हा आयजीएसटीच. इंटरव्ह्यूत हे आपणहून सांगायला जाऊ नको, पण अंधेरीचं आहे म्हणून कंपनी कुठे बसते ते बघून घे.

कळव्याची अनु
बुधवार, दुपारी ४:११

नाही, सीप्झमध्ये नाहीये, मेलमधल्या पत्त्यावर बघितलं.

बोरिवली स्लो
बुधवार, रात्री ११:२०

इंग्लिशबद्दल. मी पण मराठी मीडियम, गिरगावातल्या शाळेचा, आज रोज दुबईच्या लोकांशी फोनवर असतो. पहिल्या इंटरव्ह्यूला मी उत्तरं मराठीत जुळवायचो आणि मग एकेक शब्द फिरवायचो, तोपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर. त्यापेक्षा छोटी वाक्यं ठेव. स्वतःबद्दल पाच वाक्यं, ती आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐक, पहिल्यांदा ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं होईल, चौथ्यांदा बरं वाटेल. फ्रंट डेस्क आहे म्हणजे फोन घ्यायला लावतील. त्याची वाक्यं ठरलेली असतात. 'मे आय नो हू इज कॉलिंग प्लीज', 'सर इज ऑन अनदर कॉल, मे आय टेक अ मेसेज', 'कुड यू प्लीज रिपीट द नंबर'. आणि नंबर घेतला की परत वाचून दाखवायचा. नाही समजलं तर 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट', एवढं म्हणायला कुणाच्या बापाची भीती नाही. अगदीच अडलीस तर विचार, हिंदीत सांगू का. बहुतेक लोक हो म्हणतात. नुसतं गप्प बसण्यापेक्षा बरं.

मी पण फसलो
गुरुवार, सकाळी ७:५५

अवांतर आहे पण विद्यार्थी वाचत असतील म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मला एका कन्सल्टन्सीने असंच ॲडमिनच्या जॉबसाठी बोलावलं, स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर एक खोली, आठ-दहा मुलं बसलेली, फॉर्म भरून घेतला, मग रजिस्ट्रेशनचे २५०० मागितले, जॉइनिंगनंतर रिफंड म्हणाले. दिले. पंधरा दिवसांनी गेलो तर खोलीला कुलूप आणि बाहेर माझ्यासारखीच चार पोरं. नोकरी देणारा पैसे मागत नाही, मागितले की उठून यायचं. अनुच्या केसमध्ये कंपनीनेच डायरेक्ट बोलावलंय तर ठीक आहे.

विंडोसीट
गुरुवार, सकाळी ९:१८

माझा विषय प्रवास. कळव्याला फास्ट थांबत नाही, स्लोने घाटकोपर, तिथून मेट्रो, चकाला सहावं स्टेशन. नकाशावर सोपं दिसतं. पण सकाळी नऊ-साडेनऊला घाटकोपरच्या ब्रिजवर मेट्रोची जी लाईन लागते तिचा हिशोब धर. ट्रायल मारायची तर शुक्रवारी मार, त्याच वेळेला. रविवारी जाशील तर मेगाब्लॉक असेल आणि मेट्रो रिकामी, दोन्हीकडून चुकीचा अंदाज येईल. पाऊस जोरात असला तर एक तास एक्स्ट्रा. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तो फोल्डर परत पिशवीत. चपला घालून जा आणि चांगल्या सँडल बॅगेत ठेव, खाली पोचल्यावर बदल. एक छोटा नॅपकिन.

कळव्याची अनु
गुरुवार, दुपारी १२:३०

कपडे? आई म्हणते साडी.

स्टेपलर
गुरुवार, दुपारी १२:४१

जुलैत साडी नेसून घाटकोपरचा ब्रिज? आईंना माझा नमस्कार सांग, पण नको. साधा कॉटनचा पंजाबी ड्रेस, गडद रंगाचा, चिखल उडाला तरी दिसणार नाही असा. ज्यात तू रोज वावरतेस तो. नवीन शिवू नको.

बोरिवली स्लो
गुरुवार, रात्री १०:०८

पगार विचारतील. आकडा ठरवून जा, 'जे द्याल ते' म्हणू नको. आणि सीटीसी म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणारा एकूण खर्च, हातात येणारे पैसे नव्हेत. समजा ग्रॉस (काही कापायच्या आधीचा पगार) १६०००, त्यात बेसिक १००००. तुझ्याकडून पीएफ १२ टक्के म्हणजे १२०० कापणार. ग्रॉस २१००० च्या आत म्हणून ईएसआयसी (कामगार विमा) पाऊण टक्का, १२० रुपये. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात बायकांना महिना २५००० पर्यंत नाही, आम्हा पुरुषांचे २०० जातात आणि फेब्रुवारीत ३००. म्हणजे तुझ्या हातात १४६८०. आणि कंपनी तिच्या बाजूचे पीएफचे १२०० आणि ईएसआयसीचे ५२० धरून सीटीसी १७७२० सांगणार, शिवाय किरकोळ चार्जेस. तेव्हा विचारायचं, हा आकडा ग्रॉस आहे की सीटीसी? एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की पोरगी अभ्यास करून आलीये.

कटिंगवाला
गुरुवार, रात्री १०:३०

एवढं मला माझ्या पहिल्या नोकरीत कोणी सांगितलं असतं तर! मी तीन महिने एचआरशी भांडत होतो की पैसे कोणी खाल्ले.

कळव्याची अनु
मंगळवार, रात्री ८:२०

झाला!! सविस्तर लिहिते, मोठं होईल.

सव्वाआठची लोकल पकडली, घाटकोपरला लाईन ब्रिजच्या पायऱ्यांपर्यंत आलेली, मेट्रोत शिरायलाच पंचवीस मिनिटं गेली. तरी सव्वादहाला बिल्डिंगखाली होते. गेटवरच्या वॉचमनकाकांनी सँडल बदलताना बघितलं आणि म्हणाले, इंटरव्ह्यू का? पाचवा मजला, लिफ्ट डावीकडची घ्या, उजवीकडची मध्येच अडकते.

आधी एचआरच्या मॅडम. टेल मी अबाउट युवरसेल्फ. पाचातली तीन वाक्यं आठवली, चौथ्याला अडकले, मग मीच म्हटलं सॉरी, आय ॲम लिटल नर्व्हस. त्या हसल्या, म्हणाल्या पाणी घ्या. केटी विचारलीच. एका वाक्यात सांगितली, त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या. मी आठवडाभर त्या प्रश्नाला घाबरत होते आणि तो दहा सेकंदांत संपला.

मग ॲडमिनचे मॅनेजर, पन्नाशीचे असतील. लॅपटॉप दिला, अटेंडन्सची शीट, म्हणाले प्रत्येकाचे लेटमार्क मोजा आणि एकूण तास काढा. सम लावली आणि शून्य आलं!! मला इतका आनंद झाला की हसूच आलं, ते म्हणाले काय झालं, म्हटलं सर नंबर टेक्स्टमध्ये आहेत. काउंटइफ जमलं. व्हीलुकअप मात्र नाही जमला, एरर येत होता, दोनदा केलं, मग फिल्टर लावून हाताने केलं आणि तसं सांगितलं. ट्रिम घरी येताना मेट्रोत आठवलं, कपाळावर हात मारून घेतला.

मग तीन बिलं. पहिल्यात आयजीएसटी, ते लगेच सापडलं (ताई!!). दुसऱ्यात कंपनीचं नाव अर्धवट. तिसरं स्टेशनरीचं, मी म्हटलं बरोबर आहे. त्यांनी चलन पुढे सरकवलं. चलनावर ए-फोरच्या आठ रिम, बिलात दहा. चलन माझ्यासमोरच पडलं होतं, मी उचलूनच बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, बारा वाजता क्लायंट येणार आहे, मीटिंग रूमचा एसी बंद पडलाय, चहावाला आला नाही आणि डायरेक्टर विचारतायत कुरियर कुठे आहे, आधी काय कराल? मी म्हटलं आधी दुसरी रूम रिकामी आहे का बघीन आणि क्लायंटला तिथे बसवीन, मग एसीवाल्याला फोन, कारण तो कितीही धावत आला तरी बाराच्या आत होणार नाही. चहा खालच्या टपरीवरून मागवीन. कुरियरचा नंबर साइटवर टाकून डायरेक्टर सरांना मेसेज करीन. ते म्हणाले आणि डायरेक्टर चिडले तर? मी म्हटलं सर, आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी गेलं की चोवीस घरं एकदम चिडतात. तिथून मग ते मराठीत बोलायला लागले आणि पावतीपुस्तकाचं सगळं विचारलं, रद्द पावतीचं दोनदा.

पगाराला मी १६ ते १८ ग्रॉस म्हटलं. कळवतो म्हणाले. वडापाव खाऊन आले.

जुना कारकून
मंगळवार, रात्री ८:५५

चलन उचलून बघायचं राहिलं हे कबूल केलंस ना तिथल्या तिथे?

कळव्याची अनु
मंगळवार, रात्री ८:५९

हो काका, म्हटलं सर हे माझ्याकडून सुटलं.

पिवटप्रेमी
मंगळवार, रात्री ९:०३

ट्रिम!!! असो. हाताने केलं हे सांगितलंस ते बरं केलंस.

कळव्याची अनु
शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

मेल आला. घेतलं. १५५०० ग्रॉस, सहा महिने प्रोबेशन, एक तारखेपासून. पण खाली लिहिलंय की जॉइनिंगच्या दिवशी ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या. बाबा म्हणतात देऊ नको. काय करू?

स्टेपलर
शुक्रवार, संध्याकाळी ६:२४

अभिनंदन गं! ओरिजिनल दाखवायच्या, ठेवायच्या नाहीत. मेल कर की व्हेरिफिकेशनला ओरिजिनल घेऊन येते आणि सही केलेल्या झेरॉक्स देते. भांडणाच्या सुरात नको, नुसतं असं लिही. बऱ्याचदा जुना फॉरमॅट असतो, कोणी बदललेला नसतो.

कळव्याची अनु
शनिवार, दुपारी १:१०

उत्तर आलं, झेरॉक्स चालेल.

विंडोसीट
शनिवार, दुपारी १:२२

पार्टी.

कळव्याची अनु
सोमवार, संध्याकाळी ७:४०

धागा वर काढतेय. आज पहिला दिवस. दुपारी तीनला सरांनी पेटी कॅशची पेटी आणि वही हातात दिली, आधी जो बघायचा तो महिन्यापूर्वीच सोडून गेलाय. मोजली. रोख आणि व्हाउचर मिळून १०००० हवेत, माझे १००४० होतायत. चारदा मोजले. काका, जास्त आले तर काय लिहायचं?

जुना कारकून
सोमवार, संध्याकाळी ७:५२

'जास्त ४०' असं लिहून आजची तारीख घाल आणि खाली साहेबांची सही घे, आजच्या आज. मग उद्या सकाळी सगळ्यांना विचारत फिर, कोणाचे तरी रिक्षाचे द्यायचे राहिले असतील आणि व्हाउचर आधीच लिहून ठेवलं असेल.